घट

मच्छीमार संस्थेच्या बर्फ कारखान्यामागच्या हॉलात
तीन दिवसांचं प्रशिक्षण.
पहिला दिवस खुर्च्यांचा, चहाचा,
पंख्याखाली फडफडणाऱ्या नकाशांचा,
आणि वासनिक मॅडमच्या नागपुरी आवाजाचा:
"जमिनीखालचं पाणी म्हणजे नदी नव्हे हो,
भिजलेला दगड आहे तो."
आम्ही अठरा जण. बहुतेक भूजल खात्याचे, दोघं तेल कंपनीचे.
मी याच बंदरातला,
हे ओळख करून देताना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंपावर.
जुनी टाकी पुरली होती तिथं आता सिमेंट,
सिमेंटवर वाळत घातलेला जवळा.
भोवती सात बोअर. प्रत्येकाला आकडा, झाकण, कुलूप.
टेप सोडायची.
तेल लागलं की यंत्र सलग ओरडतं,
पाणी लागलं की थांबत थांबत.
मधलं अंतर लिहून घ्यायचं, बस्स.
चौथ्या बोअरला ते सलग ओरडत राहिलं.
"चौदा सेंटिमीटर."
"पुन्हा घ्या," मॅडम म्हणाल्या.
पुन्हा चौदा.

समुद्राच्या अंगाला साठ पावलांवर जैनबी होडेकरांची विहीर.
त्या नातीला कडेवर घेऊन
कठड्याशी उभ्या होत्या, आमचे पांढरे हातमोजे बघत.
"वास रोज येतो?"
"उधाणाच्या सुकतीला जास्ती. भांगाला कमी."
मॅडमचं पेन थांबलं.
भांग मी समजावला: अष्टमीच्या आसपासची
आळशी भरती, होड्या फारशी न हलवणारी.
मग मॅडमनी मला समजावलं:
पाणी चढतं तेव्हा डिझेल जांभ्याच्या भोकांत अडकतं,
उतरलं की सुटून विहिरीत येतं.
म्हणजे जैनबी वीस वर्षं
नाकानं तेच मोजत होत्या.

"उपसून काढा की मग."
"वरचं निघेल. दगडाला माखलेलं नाही निघत.
खाली हवा सोडायची. मातीतले जिवाणू ते खातात,
पण सावकाश."
"किती सावकाश?"
मॅडम खोटं बोलल्या नाहीत.
"ही कॉलेजात जाईल तोवर."
नात अंगठा चोखत होती.

तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर, सगळे पेंगत असताना:
गळती ओळखायचं सगळ्यांत स्वस्त यंत्र म्हणजे रजिस्टर.
आलं किती, विकलं किती,
काठी घालून मोजलं तर उरलं किती.
पडद्यावर संस्थेचं जुनं पान.
आवक. विक्री. घट.
एकवीस लिटर. चोवीस. चोवीस. तेवीस.
शेऱ्यात: उडाले असावे.
त्या 'ळ'ची गाठ मी ओळखली.
माझ्या पाटीवर त्याच हातानं गिरवून घेतली होती.

"डिझेल कसलं उडतंय!" पाटणकर हसला.
"पंपवाल्यानं उडवलं असणार."
हॉल जागा झाला, हसला.
मॅडम पानाकडेच बघत होत्या.
"चोर इतका नियमानं चोरत नाही."

आमच्या घरी घट म्हणजे आधी रकाना, मग मडकं.
पगारातून ती कापून यायची.
नवरात्रात आई घट बसवायची म्हणाली
की बाबा उगाच उठून बाहेर जायचे.
शिमग्यात एका वर्षी कुणी तरी
आमच्या दारात रिकामा डबा वाजवला होता,
बराच वेळ.

संध्याकाळी प्रमाणपत्र पिशवीत दुमडून घरी गेलो.
बाबा पायरीवर बसून बांगडे साफ करत होते.
सांगितलं सगळं. टाकी. काठी. चौदा सेंटिमीटर.
त्यांनी खवल्यांनी भरलेली दोन बोटं
हवेत धरली, फाकवली.
"एवढं?"
"त्याहून जास्त."
बोटं तशीच राहिली.
मांजर येऊन एक डोकं घेऊन गेलं,
त्यांनी हाकललं नाही.
मला वाटलं आता रडतील, किंवा
कुणाचं तरी नाव घेतील.

"होडेकरांची विहीर ना ती?" ते म्हणाले.
"मग जैनबी पाणी कुठून भरते?"

मी वही उघडली.
सातही बोअरची खोली होती, भरतीच्या वेळा होत्या,
मॅडमचा फोन नंबर होता.
ते नव्हतं.